मोठ्या संख्येचे गुणधर्म हाताने कसे काढावेत: ९५,८१,८३२ सोडवून दाखवलेले उदाहरण

एखादी मोठी पूर्ण संख्या समोर आली, की तिच्याबद्दल विचारायचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. तिला किती विभाजक आहेत? त्यांची बेरीज किती? ती दोन वर्गांच्या बेरजेने लिहिता येते का? तिच्या व्यस्ताचा दशांश किती अंकांनी फिरून येतो? या सगळ्यांची उत्तरे एकाच गोष्टीतून निघतात, ती म्हणजे संख्येचे मूळ अवयव. म्हणून निम्म्याहून अधिक श्रम अवयव बिनचूक पाडण्यावर खर्च करा. पुढचे काम घातांकांचे आहे आणि ते मिनिटांत होते. अवयवांत एक चूक राहिली, तर मात्र पुढचे प्रत्येक उत्तर चुकते, आणि ते चुकले आहे हे दिसतही नाही.

उदाहरणाला ९५,८१,८३२ ही संख्या घेऊ. कागद, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर पुरेसा आहे.

आधी नुसते पाहा

शेवटचा अंक २ आहे. पूर्ण वर्गाच्या शेवटी ०, १, ४, ५, ६ किंवा ९ हेच अंक येतात, त्यामुळे ही संख्या पूर्ण वर्ग नाही. ५ ने भाग जात नाही. अंकांची बेरीज ९+५+८+१+८+३+२ = ३६, म्हणजे ९ ने भाग जातो. शेवटचे तीन अंक ८३२ आणि ८३२ = ८ × १०४, म्हणून ८ ने भाग जातो. १६ साठी शेवटचे चार अंक पाहायचे: १८३२ ÷ १६ = ११४.५, भाग जात नाही. म्हणजे २ चा घातांक नेमका ३.

वर्गमूळाचा अंदाज आत्ताच काढून ठेवा. ३०९५ चा वर्ग ९५,७९,०२५ आणि ३०९६ चा वर्ग ९५,८५,२१६, म्हणून वर्गमूळ या दोहोंच्या मध्ये आहे. संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ अवयव वर्गमूळाइतका किंवा त्याहून लहान असतो. या हिशेबाने ३,००० पर्यंतच्याच ४३० मूळ संख्या तपासाव्या लागतील असे वाटते. प्रत्यक्षात तेवढ्या लागत नाहीत, कारण अवयव सापडेल तशी ही मर्यादा खाली येते.

७, ११ आणि १३ एकाच फटक्यात

हाताने काम करताना सर्वांत उपयोगी पडणारी कसोटी हीच. १००१ = ७ × ११ × १३. म्हणून १००० ला या तिघांपैकी कोणीही भागले, तर बाकी −१ समजता येते. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि आलटून पालटून अधिक-उणे करा:

९ | ५८१ | ८३२ → ८३२ − ५८१ + ९ = २६०

आता फक्त २६० तपासायचे. ७ ने बाकी १, ११ ने बाकी ७, १३ ने बाकी ०. म्हणजे १३ हा अवयव आहे, ७ आणि ११ नाहीत. उत्तर ऋण आले तर त्यात १००१ मिळवा.

इथे एक चूक फार होते. आपण स्वल्पविराम ९५,८१,८३२ असे देतो, पहिले तीन अंक आणि मग दोन-दोन. घाईत तेच गट धरले, तर ८३२ − ८१ + ९५ = ८४६ येते. त्याला १३ ने भागल्यावर बाकी १ उरते आणि खरा अवयव हातातून निसटतो. म्हणून या कसोटीआधी संख्या स्वल्पविरामांशिवाय पुन्हा लिहा, मगच गट पाडा.

तेच तीन-तीनचे गट नुसते मिळवले तर २७ आणि ३७ ची कसोटी मिळते, कारण ९९९ = २७ × ३७. ८३२ + ५८१ + ९ = १४२२, पुन्हा १ + ४२२ = ४२३. ३७ ने बाकी १६, तेव्हा तो अवयव नाही. २७ ने बाकी १८, म्हणजे ९ ने भाग जातो पण २७ ने नाही. ३ चा घातांक नेमका २ हे इथेच पक्के झाले. दोन-दोन अंकांचे गट मिळवले तर ९९ ची, म्हणजे ९ आणि ११ ची कसोटी एकत्र होते: ३२ + १८ + ५८ + ९ = ११७, मग १ + १७ = १८. ९ ने बाकी ०, ११ ने बाकी ७. वरच्या उत्तराशी जुळले. एकच बाकी दोन वाटांनी काढून जुळवायची सवय लावा, चुका तिथल्या तिथे सापडतात.

अवयव पाडणे

सापडलेला अवयव लगेच काढून टाका आणि उरलेल्या लहान संख्येवर काम करा:

९५,८१,८३२ ÷ ८ = ११,९७,७२९
११,९७,७२९ ÷ ९ = १,३३,०८१
१,३३,०८१ ÷ १३ = १०,२३७

१०,२३७ चे वर्गमूळ १०१ च्या किंचित पुढे आहे. म्हणजे आता १०१ पर्यंतच्याच मूळ संख्या उरल्या. त्या एकूण २६ आहेत आणि त्यांतल्या पहिल्या पाच तर झाल्याच. १३ पुन्हा लावून पाहायला विसरू नका, कारण तोच अवयव दुसऱ्यांदा येऊ शकतो. इथे बाकी ६ येते. पुढे १७ ने बाकी ३, १९ ने बाकी १५, २३ ने बाकी २, आणि २९ ने निःशेष भाग जातो: १०,२३७ = २९ × ३५३.

३५३ मूळ आहे का, हे वेगळे तपासायची गरज नाही. २९ च्या खालच्या सगळ्या मूळ संख्या आपण आधीच बाद केल्या आहेत आणि २९ × २९ = ८४१ हे ३५३ पेक्षा मोठे आहे. ३५३ संयुक्त असती तर तिचा लहान अवयव यापूर्वीच सापडला असता. क्रम न सोडता तपासत आल्याचा हा फायदा. कोणी मधलीच २९ उचलून भाग लावला असेल, तर त्याला ३५३ साठी १७ पर्यंत पुन्हा जावे लागेल.

९५,८१,८३२ = २^३ × ३^२ × १३ × २९ × ३५३

कॅल्क्युलेटरवर बाकी काढायची, तर भागाकाराचा अपूर्णांकी भाग भाजकाने गुणा आणि जवळची पूर्ण संख्या घ्या. ९५,८१,८३२ ÷ ७ = १३,६८,८३३.१४२८…, आणि ०.१४२८… × ७ म्हणजे १. आठ अंकी पडद्यावर भागाकारच आठ अंकी आला, तर अपूर्णांकाला जागा उरत नाही आणि भाग निःशेष गेल्यासारखा दिसतो. शंका आली की भागाकार आणि भाजक गुणून मूळ संख्या परत येते का ते पाहा.

फर्माची वर्गांच्या फरकाची पद्धत पुष्कळांना माहीत असते: वर्गमूळापासून वर चढत जायचे आणि प्रत्येक वर्गातून संख्या वजा करून उरलेला आकडा वर्ग आहे का ते पाहायचे. १०,२३७ साठी ती १०२ पासून सुरू होते. १०२ चा वर्ग १०,४०४, उरले १६७, वर्ग नाही. असे चालत थेट १९१ वर यश मिळते: १९१ चा वर्ग उणे १६२ चा वर्ग, म्हणजे २९ × ३५३. नव्वद पायऱ्या झाल्या. हाच अवयव साध्या भागाकाराने पाचव्या प्रयत्नात मिळाला होता. फर्माची पद्धत दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हाच धरा.

उलटा पडताळा

अवयव परत गुणून पाहणे आवश्यकच: १३ × २९ = ३७७, ३७७ × ३५३ = १,३३,०८१, त्याला ७२ ने गुणून ९५,८१,८३२. अंकांच्या बेरजेवर, म्हणजे ९ च्या बाकीवर, एकट्याने विसंबू नका. लिहिताना दोन शेजारचे अंक उलटे झाले, तर ती बेरीज बदलत नाही. ९५८१८३२ ऐवजी ९५१८८३२ लिहिले गेले तरी बेरीज ३६ च. ११ ची बाकी मात्र ही चूक पकडते: उजवीकडून आलटून पालटून २−३+८−१+८−५+९ = १८, बाकी ७; चुकीच्या संख्येसाठी २−३+८−८+१−५+९ = ४. शेजारच्या दोन वेगळ्या अंकांची अदलाबदल ११ च्या कसोटीतून कधीच सुटत नाही, कारण त्याने संख्या ९ × (अंकांतला फरक) × १० चा घात इतकी बदलते, आणि या गुणाकारात ११ कुठेच येत नाही.

विभाजक: संख्या, यादी, बेरीज

प्रत्येक घातांकात १ मिळवा आणि गुणा: ४ × ३ × २ × २ × २ = ९६ विभाजक. इथली नेहमीची चूक म्हणजे ८ आणि ९ यांना एकेक अवयव समजणे. मग पाच अवयवांचे २^५ = ३२ विभाजक होतात आणि ६४ विभाजक हरवतात.

यादी करायची असेल तर शोधत बसू नका, दुपटीने वाढवा. ७२ चे बारा विभाजक एका ओळीत लिहा: १, २, ३, ४, ६, ८, ९, १२, १८, २४, ३६, ७२. त्याखाली प्रत्येकाची १३ पट लिहा, झाले २४. या सगळ्यांची २९ पट, झाले ४८. त्या सगळ्यांची ३५३ पट, झाले ९६. एकही सुटत नाही, एकही दोनदा येत नाही. गुणाकाराने ही संख्या देणाऱ्या ४८ जोड्या होतात, आणि त्यांतली सर्वांत जवळची जोडी ३०१६ × ३१७७ ही आहे.

बेरजेसाठी प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांची वेगळी बेरीज करून गुणायचे:

(१+२+४+८) × (१+३+९) × (१+१३) × (१+२९) × (१+३५३)
= १५ × १३ × १४ × ३० × ३५४ = २,८९,९२,६००

यातून संख्या स्वतः वजा केली तर १,९४,१०,७६८ उरतात. परिपूर्ण संख्येत ही वजाबाकी संख्येइतकीच येते, ६ किंवा २८ मध्ये येते तशी. इथे ती दुपटीहूनही जास्त आहे. उत्तर बरोबर वाटते का, हे पाहायला एक झटपट अंदाज आहे: १५/८ × १३/९ × १४/१३ × ३०/२९ × ३५४/३५३, म्हणजे सुमारे ३.०२६. एकूण बेरीज संख्येच्या तिपटीच्या जरा वर असली पाहिजे, आणि ती आहे. आकडा दहापट चुकला असेल, तर तो इथे लगेच कळतो.

१ पासून ९५,८१,८३२ पर्यंत या संख्येशी सहमूळ (म्हणजे १ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या किती, हे असे काढा: प्रत्येक वेगळ्या मूळ अवयवातून १ वजा करा आणि घातांक १ हून जास्त असेल, तर उरलेले घात तसेच ठेवा. ८ साठी ४ (७ नव्हे), ९ साठी ६, मग १२, २८, ३५२. गुणाकार २८,३८,५२८.

दोन वर्गांची बेरीज

हा भाग सर्वांत रमणीय आहे. नियम असा: ४ ने भागल्यावर ३ बाकी देणाऱ्या प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक सम असेल, तरच संख्या दोन वर्गांची बेरीज होते. आपल्याकडे असा अवयव फक्त ३, आणि त्याचा घातांक २. म्हणजे मार्ग मोकळा. १३, २९ आणि ३५३ तिन्ही १ बाकी देणारे आहेत. त्यांच्या घातांकांत १ मिळवून गुणा: २ × २ × २ = ८. याची चौपट, म्हणजे ४ × ८ = ३२ मांडण्या; चिन्हे व क्रम सोडला तर ३२ ÷ ८ = ४ खरोखर वेगळ्या जोड्या.

त्या शोधायला ब्रह्मगुप्ताची भावना वापरा. (क, ख) आणि (ग, घ) या जोड्यांच्या वर्गांच्या बेरजा गुणल्या, तर गुणाकार दोन रीतींनी वर्गांची बेरीज होतो: (कग − खघ, कघ + खग) आणि (कग + खघ, कघ − खग).

१३ = ३×३ + २×२ आणि २९ = ५×५ + २×२. यातून ३७७ साठी (११, १६) आणि (१९, ४). ३५३ = १७×१७ + ८×८. हे पुन्हा जोडले की १,३३,०८१ साठी चार जोड्या मिळतात: (५९, ३६०), (३१५, १८४), (२९१, २२०), (३५५, ८४). उरले ७२ = २ × ६ × ६. दोनसाठी जोडीची बेरीज आणि वजाबाकी घ्या, मग दोन्ही आकडे ६ ने गुणा. (५९, ३६०) चे (४१९, ३०१) होते आणि त्याचे (२५१४, १८०६). शेवटी चार जोड्या:

२५१४ आणि १८०६
२९९४ आणि ७८६
३०६६ आणि ४२६
२६३४ आणि १६२६

पडताळा: ३०६६ चा वर्ग ९४,००,३५६, ४२६ चा वर्ग १,८१,४७६, बेरीज ९५,८१,८३२. चौघींचाही पडताळा असाच करा. बहुतेक वेळा चूक वजाबाकीच्या चिन्हात होते. ऋण आकडा आला तर चिन्ह सोडून द्या.

वर्गांच्या फरकाला वेगळी अट आहे: जोडीतले दोन्ही विभाजक सम किंवा दोन्ही विषम हवेत, नाहीतर त्यांची सरासरी पूर्ण संख्या येत नाही. ३०१६ × ३१७७ म्हणूनच बाद. दोन्ही सम असलेली सर्वांत जवळची जोडी २२६२ × ४२३६, तिची सरासरी ३२४९, निम्मा फरक ९८७. ३२४९ चा वर्ग उणे ९८७ चा वर्ग म्हणजे आपली संख्या.

क्रमागत संख्यांच्या बेरजेचे मार्ग १ सोडून जितके विषम विभाजक तितके, म्हणजे २४ − १ = २३. तीन संख्या हव्या असतील तर ३१,९३,९४३ पासून ३१,९३,९४५ पर्यंत. सम संख्येने पदे घ्यायची, तर २, ४ किंवा ८ पदांनी जमत नाही, किमान १६ लागतात: ५,९८,८५७ ते ५,९८,८७२.

द्विमान रूप

संख्या फक्त ० आणि १ या अंकांनी लिहायची, तर २ चे घात मोठ्याकडून वजा करत या: ८३,८८,६०८, मग १०,४८,५७६, १,३१,०७२, ८१९२, ४०९६, १०२४, २५६, ८. उत्तर १००१ ००१० ००११ ०१०१ ०००० १०००. एकूण २४ स्थाने, त्यांतल्या आठ ठिकाणी १. शेवटची तीन शून्ये म्हणजेच २ चा घातांक. अवयवांशी जुळते का ते पाहा.

व्यस्ताचा दशांश

१ ÷ ९५,८१,८३२ चा दशांश आवर्ती आहे. आधी न फिरणारे अंक किती, ते २ आणि ५ च्या मोठ्या घातांकावरून ठरते: इथे ३. फिरणाऱ्या गटाची लांबी उरलेल्या ९, १३, २९, ३५३ यांच्या लांब्यांचा लसावि. ९ साठी १, १३ साठी ६, २९ साठी २८. ३५३ साठी १० चा वर्ग करत जा आणि दर वेळी बाकी घ्या: १० चा दुसरा घात १००, चौथा ११६, आठवा ४२, सोळावा १७६४ म्हणजे बाकी ३५२, अर्थात −१. मग बत्तिसावा घात १. लांबी ३२. लसावि (६, २८, ३२) = ६७२. म्हणजे तीन अंकांनंतर ६७२ अंकांचा गट फिरत राहतो. लांब्या एकमेकींत गुणू नका; ६ × २८ × ३२ = ५,३७६ हे उत्तर आठपट मोठे येते.

संख्या याहून खूप मोठी असेल तर

दहा-बारा अंकांपुढे हाताने भागाकार करणे परवडत नाही. लहान अवयव वरच्या कसोट्यांनी काढून टाका आणि उरलेली संख्या मूळ आहे का, हे सांगणारी मिलर-राबिन कसोटी लावा. ३५३ वर ती अशी चालते: ३५२ = ३२ × ११. २ च्या अकराव्या घाताची ३५३ ने बाकी २८३, म्हणजे −७०. वर्ग केला की −४२, पुन्हा वर्ग केला की −१. −१ आले, कसोटी पार. २ हा पाया (ज्याचे घात घेतो ती संख्या) धरून या कसोटीला फसवणारी सर्वांत लहान संयुक्त संख्या २०४७ = २३ × ८९ आहे, त्यामुळे त्याखाली २ एकटा पुरतो. ३४,१५,५०,०७,१७,२८,३२१ पेक्षा लहान संख्यांसाठी २, ३, ५, ७, ११, १३, १७ हे सात पाये पुरतात आणि उत्तर निश्चित असते. पायाच्या (संख्या − १) व्या घाताची बाकी १ येते का, एवढेच पाहणाऱ्या फर्माच्या कसोटीवर थांबू नका: ५६१ = ३ × ११ × १७ ही संख्या तिच्याशी सहमूळ असलेल्या प्रत्येक पायाला फसवते.

कसोटी नापास झाली, तर संख्या संयुक्त आहे एवढेच कळते, अवयव कळत नाहीत. तेव्हा अवयव शोधणारी पोलार्डची ऱ्हो पद्धत संगणकावर चालवा. आकडेमोड एक्सेलमध्ये करू नका; तिथे पंधरा अंकांनंतरचे अंक शून्य होतात आणि बाक्या सरळ खोट्या येतात. ज्या भाषेत पूर्णांकाला लांबीची मर्यादा नाही, ती वापरा, उदाहरणार्थ पायथॉन. भागाकाराला तिथे दोन तिरप्या रेघांचे चिन्ह वापरा. एकच रेघ दिली तर उत्तर दशांशात येते आणि मोठ्या संख्येचे शेवटचे अंक गळून पडतात.